आधी अग्नी, मग दाखला

आमच्याकडे माणूस गेलं की कुणी कुणाला काम सांगावं लागत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव लहान, अर्ध्या तासात सगळं आपोआप वाटलं जातं. एकजण मोबाइल घेऊन कट्ट्यावर बसतो आणि पैपाहुण्यांना कळवायला लागतो. दोघं-चौघं कोयता घेऊन बांबू तोडायला जातात. ट्रॅक्टरवाला लाकडं आणि शेण्या भरतो. दुकानदार दार अर्धं उघडून पांढरं कापड, कापूर, बुक्का काढून देतो आणि पैशाचं नंतर बघू म्हणतो. बाया आत पाणी तापवतात. पुण्या-मुंबईची पोरं वाटेत असतील तर बेळगावहून बर्फाची पेटी येते, नाहीतर दिवस मावळायच्या आत मातीला नेऊन यायचं हा शिरस्ता. या सगळ्या धावपळीत एक काम मात्र कुणाच्याच वाट्याला येत नाही. कचेरीत जाऊन ‘आमचं माणूस गेलं’ असं सांगायचं काम.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडतात. दहाव्याला कावळा शिवेपर्यंत सगळे मलप्रभेच्या काठावर ताटकळतात. तेराव्याचं जेवण होतं, पाहुणे पांगतात, मांडववाला खुर्च्या घेऊन जातो. आणि मग कुणीतरी कपाटातून बँकेचं पासबुक काढतं आणि विचारतं, दाखला कुठाय?

याच्या बरोबर उलटी रीत मला कळली ती आत्यामुळं. आत्या लग्नानंतर इंग्लंडला गेली, शेवटची वर्षं मुलाकडं वेल्समध्ये, कार्डिफला होती. गेल्या हिवाळ्यात ती तिथंच गेली. आतेभावाचा फोन आला तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला, ‘कधी नेणार?’ तो म्हणाला, अजून ठरलं नाही, पंधरा दिवस तरी लागतील. काकूनं फोन माझ्या हातातून घेतला. “पंधरा दिवस ठेवणार तिला? का, माणसं मिळंनात काय खांद्याला?” त्या बिचाऱ्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण काकूला पटणं शक्यच नव्हतं. सुतक नेमकं कधीपासून धरायचं यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालला.

तिथली पद्धत अशी. हयातीत उपचार केलेला डॉक्टर मृत्यूचं कारण लिहितो. 2024 च्या सप्टेंबरपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये तो कागद आणखी एक डॉक्टर तपासतो. मृत माणसाशी संबंध नसलेला हा वैद्यकीय परीक्षक घरच्यांशीही बोलतो, तुम्हाला काही शंका आहे का, विचारतो. प्रकरण संशयाचं असेल तर ते मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडं, म्हणजे कॉरोनरकडं जातं. सगळं ठीक असेल तर कागद थेट रजिस्ट्रारकडं, आणि तिथून पाच दिवसांच्या आत जवळच्या माणसानं जाऊन नोंद करायची. रजिस्ट्रार एक हिरवा कागद देतो. तो हातात पडला की अंत्यविधी करणारी संस्था पुढची तारीख धरते. स्कॉटलंडमध्ये मुदत आठ दिवसांची, पण नोंदणीच्या कागदाशिवाय दफन नाही की दहन नाही. थोडक्यात, कॉरोनरची प्रकरणं सोडली तर सरकारच्या वहीत माणूस मेल्याशिवाय तिथं त्याला अग्नी मिळत नाही.

आतेभावाला वेळ घेऊन रजिस्ट्रारसमोर बसावं लागलं. जाण्याच्या आदल्या रात्री त्याचा पुन्हा फोन. आईची जन्मतारीख पासपोर्टवर आहे ती खरी का? जन्म नक्की बेळगावात की आजोळी? माहेरचं आडनाव इंग्रजीत कसं लिहायचं? लग्नाआधी ती काय करायची? यातलं अर्धं मला ठाऊक होतं, अर्धं काकूला विचारून सांगितलं. आत्या लग्नाआधी शहापुरात एका शाळेत शिवण शिकवायची, हे तिच्या मुलाला पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा कळलं. तो फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “हे तिनं कधी सांगितलंच नाही.” मी म्हटलं, तू तरी कधी विचारलंस?

जन्माच्या जागेवरून एक गंमत झाली. आत्या जन्मली तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात. शाळा सोडली तेव्हा म्हैसूर राज्यात, कारण 1 नोव्हेंबर 1956 ला जिल्हा तिकडं गेला. तिनं देश सोडल्यावर 1973 मध्ये म्हैसूरचं कर्नाटक झालं आणि 2014 मध्ये बेळगावचं बेळगावी. एका जागी बसून गाव इतकं हललं. पासपोर्टवर जसं आहे तसं लिही, असं मी सांगितलं. दाखला आला तेव्हा त्यानं त्याचा फोटो पाठवला. छापील मजकूर वेल्श आणि इंग्रजी, दोन्ही भाषांत. माहिती वेल्शमध्ये दिली असती तर नोंदही दोन्ही भाषांत झाली असती, असं त्याला तिथं सांगितलं होतं. सीमाभागातल्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते मी इथं लिहीत बसत नाही. ज्याला वाटायचं त्याला वाटतंच.

आपल्याकडे कायदा नाही असं नव्हे. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969 चा. घरात मृत्यू झाला तर 21 दिवसांत कळवायचं, शुल्क नाही. तेरावा करूनही आठ दिवस उरतात, कायदा करणाऱ्यानं तेराव्याचा हिशोब धरला होता की काय असं वाटावं. एकवीस दिवस उलटले की तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क. तिथून वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. वर्ष उलटून गेलं तर मॅजिस्ट्रेटचा आदेश. हा आदेश पूर्वी कोर्टातूनच आणावा लागे, 2023 च्या दुरुस्तीनंतर तो जिल्हाधिकारी किंवा प्रांत यांच्या पातळीवर आला आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर कळवायची जबाबदारी दवाखान्याची. घरी झाला तर घरच्यांची. आजारपणात बघणाऱ्या डॉक्टरनं कारणाचा दाखला द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असंही कायद्यात लिहिलेलं आहे. हे किती डॉक्टरांना माहीत असतं ते सोडा, किती घरांना माहीत असतं?

थोरले काका घरीच गेले. त्यांचा मुलगा दुबईला, तो तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी गोव्याहून विमानानं गेला. नोंदीचं काम काकूवर आणि माझ्यावर आलं. मी ते कलम वाचून गेले होते. घरातल्या मृत्यूची माहिती कुटुंबप्रमुखानं द्यावी, तो नसेल तर त्याच्या जवळच्या नातेवाइकानं, आणि तेही कुणी नसेल तर घरातल्या सर्वांत वयस्क पुरुषानं, असं 1969 च्या मूळ मजकुरात आहे. काकूला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “घरातला वयस्क पुरुष गेला म्हणून तर आलोय की.” आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल आलो-गेलो असंच बोलतात. बाहेरच्यांना ते विचित्र वाटतं.

काकू स्मशानात गेली नव्हती. आमच्याकडे बाया वेशीपर्यंतच जातात. अग्नी पुतण्यानं दिला, कारण मुलाचं विमान उशिरा आलं. पण सरकारच्या वहीत काका गेले हे सांगणारी म्हणून नाव काकूचं लागलं. तिला सही येत नाही, अंगठा दिला. निळी शाई पदराला पुसत ती बाहेर आली आणि पायरीवर टेकली. घरात मयत झाल्यापासून ती रडली नव्हती असं नाही, रडण्याची तर रीतच असते, बाया आल्या की गळ्यात गळा घालून रडायचं. त्या दिवशी पायरीवर ती रडली ते मात्र कुणाच्या गळ्यात पडून नव्हे. मी पाण्याची बाटली धरून उभी राहिले. आत खिडकीशी झेरॉक्सची रांग चालू होती.

अग्नी देण्याइतकंच हे कामही जवळच्या माणसाचं असतं, हे मला तेव्हापासून वाटतं. आपण मात्र ते कुणावरही ढकलतो. जावई असतो, गावातला कागदपत्रं करणारा एजंट असतो, नाहीतर पंचायतीत ओळख असलेला कुणीतरी असतो. आतेभावानं कार्डिफमध्ये आईबद्दल जे पंधरा-वीस मिनिटं बोलून सांगितलं, ते आपल्याकडे एजंट आधार कार्डाकडं बघून भरून टाकतो.

त्या नमुन्यात विचारतात काय ते तरी बघा. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, पत्ता हे आलंच. पण खाली आकडेवारीसाठीचा एक भाग असतो, त्यात धर्म, धंदा, मृत्यूचं कारण, शेवटी कुठल्या प्रकारचा औषधोपचार मिळाला हे असतं. बाई असेल तर मृत्यू गरोदरपणात किंवा बाळंतपणात झाला का, हे असतं. आणि सवयी असतात. विडी-सिगारेट ओढत होते का, किती वर्षं. तंबाखू खात होते का, किती वर्षं. सुपारी, पानमसाला किती वर्षं. दारू किती वर्षं. निपाणीच्या तंबाखूवर अर्धा जिल्हा पोसला गेला, त्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारायचा म्हणजे काय उत्तर येणार? तिथला तलाठी विजापूरकडचा, तरुण पोरगा. त्याचं मराठी मोडकं, काकूचं कन्नड त्याहून मोडकं. “निम्म हेसरेन्री, अज्जी?” (तुमचं नाव काय, आजी?) म्हणत त्यानं सुरुवात केली आणि दोघांनी मिळून काकांच्या साठ वर्षांच्या विडीचा हिशोब लावला. लग्नात ओढत होते, म्हणजे त्याआधीपासून. मध्ये दोन वर्षं वारीला जाऊन माळ घातली तेव्हा सोडलेली, ती वजा करा. पोरगा हसला नाही, त्यानं खरंच वजा केली. सरकारी काम अन् सहा महिने थांब असं आपण म्हणतो, पण त्या पोरानं दाखला त्याच आठवड्यात दिला हेही सांगायला पाहिजे. दाखल्याची पहिली प्रत फुकट मिळते. जास्तीच्या प्रती तेव्हाच काढून ठेवाव्यात. बँक, रेशन, पेन्शन, वीज मीटर, जमीन वारसांच्या नावावर करायचं पौती खातं, प्रत्येक ठिकाणी कुणीतरी एक ठेवून घेतंच. ब्रिटनमध्ये एकदाच कळवलं की बहुतेक सरकारी खात्यांना परस्पर कळायची सोय आहे. आपल्याकडे आपणच मेलेल्या माणसाला खात्याखात्यातून हिंडवून प्रत्येक टेबलावर नव्यानं मारायचं.

आता हद्दीची गोष्ट. मृत्यूची नोंद राहत्या गावात होत नाही, जिथं जीव गेला तिथं होते. एरवी ही साधी बाब. सीमेवर ती साधी राहत नाही. निपाणी, चिकोडीकडची माणसं मोठ्या दुखण्याला कोल्हापूर, मिरज गाठतात. इकडं चंदगड तालुका महाराष्ट्रातला, पण तिथल्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ, म्हणून तो इकडं येतो. रोज दोन्ही बाजूंनी ॲम्ब्युलन्स एकमेकींना ओलांडतात. चंदगडच्या बाईचा दाखला कन्नड-इंग्रजीत निघतो आणि निपाणीच्या माणसाचा मराठी-इंग्रजीत. दोन्हीकडे इंग्रजी असतं म्हणून काम अडत नाही, एवढंच.

आमचे निपाणीचे मामा सीमाप्रश्नातले जुने माणूस. दर 1 नोव्हेंबरला गावभर राज्योत्सव चालायचा आणि मामा काळी फीत लावून काळ्या दिवसाच्या फेरीला. लाठ्याही खाल्ल्या. 2004 साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा पेढे वाटले, नंतर तारखा मोजणं सोडून दिलं. रेशन कार्ड कर्नाटकचं, मतदान कर्नाटकात, पेन्शन कर्नाटकची. छातीत कळ आली म्हणून रात्री कोल्हापूरला नेलं, दुसऱ्या दिवशी तिथंच गेले. दाखला आला त्यावर सगळ्यात वर ‘महाराष्ट्र शासन’, खाली मराठी. मामांच्या मुलानं तो हातात घेऊन सगळ्यांसमोर वाचला आणि म्हणाला, “अण्णा शेवटी महाराष्ट्रात गेले बघा.” मयताच्या घरात लोक इतके हसले की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्याच कागदावर मृत्यूचं ठिकाण कोल्हापूर आहे आणि कायमचा पत्ता निपाणी, जिल्हा बेळगावी, राज्य कर्नाटक. दोन राज्यं एका पानावर इतकी सुखानं नांदलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

आणि वाटेतच जीव गेला तर? सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडायच्या आधी की नंतर, हे कोण बघणार? नियमात याचंही उत्तर आहे, आणि मला ते फार आवडतं. चालत्या वाहनात जन्म किंवा मृत्यू झाला तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्यानं पहिल्या थांब्यावर कळवायचं. वाहन म्हणजे काय, तर विमान, होडी, जहाज, रेल्वेचा डबा, मोटार, मोटारसायकल, गाडा, टांगा आणि रिक्षा. टांगा लिहिणाऱ्या त्या कारकुनाला माझा नमस्कार. ज्यानं हे लिहिलं त्यानं बाळंतिणीला किंवा अखेरच्या घटका मोजणाऱ्याला टांग्यातून नेताना नक्की पाहिलं असणार. करोनाच्या काळात कोगनोळीला तपासणी नाका होता, अहवाल दाखवल्याशिवाय पलीकडून इकडं सोडत नव्हते. तेव्हा सांत्वनाला निघालेली माणसं नाक्यावरून माघारी गेल्याच्या गोष्टी निपाणीत अजून सांगतात.

नावांचं दुखणं वेगळंच. मराठी माणसाचं नाव मराठीतून कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जातं तेव्हा वाटेत एखादं अक्षर गळतं, एखादं चिकटतं. उताऱ्यावरची लक्ष्मीबाई आधारवर लक्ष्मव्वा असते आणि पासबुकात नुसती लक्ष्मी. जिवंत आहे तोवर ती स्वतः जाऊन ‘ही मीच’ म्हणून सांगते. गेल्यावर तीन बायका उरतात आणि दाखला त्यातल्या एकीचाच. बाकीच्या दोघी कागदावर जिवंत. मग प्रतिज्ञापत्र, वंशावळ, पंचांच्या सह्या. नोंदीतली चूक दुरुस्त करायची तरतूद कायद्याच्या कलम 15 मध्ये आहे, पण ती चूक आधी कुणाच्या तरी लक्षात यावी लागते. बहुतेकांच्या ती जमीन वाटणीच्या वेळी लक्षात येते, आणि तोवर भावाभावांचं बोलणं बंद झालेलं असतं.

आमच्या पणजोबांची नोंदच नाही. कायद्याच्या आधी गेले, कुणी कुठं सांगितलं नाही. डोंगराकडच्या एका तुकड्याच्या उताऱ्यावर त्यांचं नाव अजून आहे. त्या कोरडवाहू तुकड्यात नाचणीसुद्धा धड येत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही. उद्या तिथून रस्ता जायचा झाला तर पणजोबांना मारायला सगळे धावतील.

अंत्यविधीच्या आधी नोंद करायची रीत आपल्याकडे यावी, असं मला वाटत नाही. आमच्या उन्हात आणि आमच्या माणसांत ते चालणारही नाही. दिवसभर घरात प्रेत आणि चुलीला विस्तव नाही, लहान पोरं उपाशी, अशात कचेरी उघडायची वाट बघायची? नको. कार्डिफच्या त्या पंधरा दिवसांत आतेभाऊ एकटा घरात बसून होता, शेजारच्यांनी दारावर कार्डं ठेवली, आत कुणी आलं नाही. ते ऐकून काकूनं त्याला रोज फोन करायचा नेम धरला. ‘जेवलास काय?’ एवढाच प्रश्न. तेही एक कामच होतं आणि ते इथून झालं.

पण माहितीला कसला मुहूर्त? ती आधी लिहून ठेवता येते. म्हणून मी आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांची एक वही केली आहे. पूर्ण नाव, माहेरचं नाव, जन्माचं गाव, आधारवर कसं आहे, उताऱ्यावर कसं आहे, काय काम केलं. काहीजण चिडले. एक चुलतआजोबा म्हणाले, आमच्या मरणाची घाई झाली काय तुला? त्यांची बायको त्यांच्या मागं उभी राहून मला खुणेनं ‘लिही, लिही’ म्हणत होती.

काकूकडं वही घेऊन बसले तेव्हा तिनं सगळं व्यवस्थित सांगितलं. माहेरचं नाव सांगताना आवाज थोडा वेगळा झाला, त्या नावानं तिला हाक मारणारं आता कुणी नाही. धंदा काय लिहू, विचारलं. घरकाम लिहितात, मी म्हणाले. ती म्हणाली, “घरकाम कशाला? भात कुणी लावला मग इतकी वर्षं? शेती लिही.” शेती लिहिलं. मग सवयींचा रकाना आला. मिशेरी ती लहानपणापासून लावते, डबी तिच्या कमरेला आत्ताही होती. नमुन्यात ओढणं आहे, खाणं आहे. दाताला लावणं कुठं बसवायचं, असं मी मोठ्यानं म्हटलं.

“तंबाखू लिहू नकोस,” काकू म्हणाली. “दुबईवाला वाचंल. सुपारी लिही. आणि आता चहा टाक, का तेही लिहून घेणार?”